जाड आवाज

गोजाबाईंनी आपल्या नवऱ्याला ऐकलं. एका बुधवारी, भर दुपारी, स्वतःच्या अंगणात बसून. ऐकताना त्या मध्येच जे बोलल्या, ते अर्ध्या गावाने ऐकलं.

आता हे झालंच नाही असं धरून चालू. आमच्या गावात डीजे वाजवायला ग्रामसभेची बंदी आहे. पोलीस पाटलांच्या मते त्या दुपारी गावात पूर्ण शांतता होती. आणि डीजे माझा असल्यामुळे माझंही तेच मत आहे. तेव्हा शेवट मला माहीत नाही, असं समजून सुरुवात करतो.

"लाव गो परत," गोजाबाई म्हणाल्या.

संघरत्नाताईंनी मोबाइल पुन्हा आईच्या कानाशी नेला. ताई शहापूरला पोस्टात असतात आणि सुट्टीला माहेरी येतात. त्या बुधवारच्या काही दिवस आधी त्या एक रेकॉर्ड शोधून घेऊन आल्या होत्या. कुठल्या तरी परदेशी माणसाने ती खरखरीसकट इंटरनेटवर चढवली होती. मी तिथेच ओट्यावर बसून त्यांचा मिक्सर दुरुस्त करत होतो. चटणीचा. डीजे बंद झाल्यापासून माझ्याकडे याच मिक्सरची कामं येतात.

"मच्छर गातोय," गोजाबाई म्हणाल्या. मग ओट्याच्या टोकाला लसूण सोलत बसलेल्या नवऱ्याकडे वळल्या. "यात तुमी कुठं?"

"खाली," नथूकाका म्हणाले.

"खाली कुठं?"

"सगळ्यांच्या खाली."

गोजाबाईंनी मोबाइल उलटा करून बघितला.

नथूकाका मुंबईत जॅझमध्ये डबल बास वाजवायचे. डबल बास म्हणजे व्हायोलिनचा थोरला चुलता. माणसापेक्षा उंच, उभा करून वाजवायचा, आवाज विहिरीतून आल्यासारखा. काका मिसरूड फुटायच्या वयात चर्चगेटच्या एका हॉटेलात टेबलं उचलायला लागले. तिथल्या बँडमध्ये मिंगेल नावाचे म्हातारे गोवेकर हे वाद्य वाजवायचे. ते लिफ्टमध्ये मावत नसे आणि मिंगेलची पाठ धरलेली, म्हणून रोज संध्याकाळी नथूकाका ते जिन्याने वर न्यायचे. आधी नुसतं नेलं. मग तारा पुसल्या. मग मिंगेल जिन्यात दम खात बसले की वर सूर लावून ठेवायला लागले. एके दिवशी मिंगेल जिन्यातच बसून राहिले आणि म्हणाले, आज तूच वाजव. ते वाक्य नथूकाकांना पंधराएक वर्षं पुरलं.

गावाला यातलं काही माहीत नव्हतं. गावाला एवढंच माहीत होतं, की नथू मुंबईला मोठ्या हॉटेलात आहे. हॉटेलात असतो म्हणजे आचारी असणार, हे सांगायला कोणाची गरज नव्हती. पहिल्यांदा सुट्टीवर आले तेव्हा चुलतभावाचं लग्न होतं. मंडपामागे नेऊन लोकांनी त्यांच्या हातात झारा दिला.

"मी वाजवतो," नथूकाका म्हणाले.

"वाजव नंतर. आधी मटण बघ."

त्यांनी मटण बघितलं. दुर्दैवाने ते फार चांगलं झालं. तेव्हापासून धसईपासून वैशाखऱ्यापर्यंत बौद्धवाड्यातलं एकही लग्न त्यांच्याशिवाय उरकलेलं नाही. आमच्या आळीतली माणसं सुरुवातीला त्यांच्या हातचं खात नसत. मग मागच्या दाराने डबा न्यायला लागली. आता पुढच्या दाराने नेतात आणि रस्सा कमी दिला म्हणून भांडतात. पुढे हॉटेलांतली जॅझ बंद पडली. काका सिनेमाच्या गाण्यांना वाजवायला लागले. मग सुटकेसएवढं एक मशीन आलं आणि त्यांचं काम करायला लागलं. काका गावी परतले. गाव म्हणालं, बरं झालं, आचारी कायमचा आला.

त्यांच्या नावावर म्हणावी अशी जॅझची रेकॉर्ड एकच. नावावर म्हणजे, नाव नाही त्यावर. कव्हरवर चार माणसं हसतायत आणि कडेला एक हात आहे. तो हात नथूकाकांचा. रेकॉर्डिंगच्या दिवशी त्यांच्या वाद्याचा आवाज बाकीच्यांच्या माइकमध्ये घुसत होता, म्हणून त्यांना वेगळा माइक देऊन बाहेर व्हरांड्यात पाण्याच्या माठाशेजारी उभं केलं आणि दार लावून घेतलं. एक प्रत त्यांना मिळाली. वाजवायला यंत्र नव्हतं. गोजाबाईंनी ती तांदळाच्या पिंपावर झाकण म्हणून ठेवली आणि मधल्या भोकाला लाकडी बूच बसवलं. झाकण उत्तम होतं. अजून आहे.

"बाबा नक्की आहेत ना गो यात?" गोजाबाईंनी ताईंना विचारलं.

"आहेत गं आई. मोबाइलमधून नाय येत त्यांचा आवाज."

हे खरं होतं. मोबाइलचा स्पीकर नखाएवढा असतो. त्याच्यातून बारीक आवाज येतात, जाड येत नाहीत. आणि गोजाबाईंचं नेमकं उलटं झालं होतं. कल्याणच्या कानाच्या डॉक्टरने महिन्याभरापूर्वी सांगितलं होतं, की बारीक आवाज गेले, जाड राहिलेत, तेही हळूहळू जातील. कधी ते सांगता येत नाही. कान फुटला होता, म्हणून कानात यंत्र किंवा इअरफोन घालायलाही मनाई. कुकरची शिट्टी त्यांच्यासाठी बंद झाली, चिमण्या बंद झाल्या, ताईंचा आवाज अर्धा झाला. एसटीचं इंजिन ऐकू येत होतं. ढग ऐकू येत होते. आणि रघू पोलीस पाटलांचा आवाज अगदी स्पष्ट ऐकू येत होता. जायचा तर तोच आधी जायला पाहिजे होता, असं त्या म्हणायच्या.

मी मिक्सर खाली ठेवला.

"काकी, माझ्याकडं खोके हायेत," मी म्हणालो.

माझा टेम्पो चिंचेखाली ताडपत्री पांघरून उभा होता. मागच्या वर्षी रितेशच्या हळदीला माझ्या बेसने ग्रामपंचायतीच्या छताचं प्लास्टर सरपंचांच्या खुर्चीवर पडलं. खुर्चीत सरपंच नव्हते, सहसा नसतात, पण ठराव झाला. तेव्हापासून एका बेसच्या खोक्यात कोंबडी अंडी घालते. आवाजाच्या दृष्टीने खोका मात्र ठणठणीत होता.

"नको," नथूकाका म्हणाले. लसूण सोलायचे थांबले नाहीत.

"का पण बाबा?"

काकांनी पाकळ्या एका बाजूला सारल्या.

"तिसऱ्या गाण्यात मी चुकलोय. डोळे मिटून वाजवत होतो. एक माणूस माठातलं पाणी घ्यायला आला. वाट पायजे म्हणून खांद्याला हात लावला त्याने. मी थांबलो. परत धरलं, पण थांबलो. आतल्यांनी काय विचारलं नाय. मागनं कोण बोललं, की दुसऱ्याला बोलावून सगळं परत वाजवून घेतलं, नथूचं काढलं. मी विचारायला गेलो नाय."

"मुंबईत कोणाकडं ऐकायची ना काका," मी म्हणालो.

"रोज ठरवायचो." त्यांनी परत लसूण हातात घेतला. "चूक असली तर तो मी हाय. चूक नसली तर तो दुसरा कोणतरी. म्हणजे मी मुंबईला जाऊन तांदळाचं झाकण घेऊन आलो."

काकांचा आवाज मूळचाच जाड. गोजाबाईंना त्यातलं बहुतेक सगळं ऐकू गेलं असावं.

"लावा," त्या म्हणाल्या. "तुमची चूक मी वळखते. सगळा जन्म त्येच केलंय."

नथूकाकांनी मान वर केली नाही, पण नकोही म्हणाले नाहीत. आमच्याकडे याला होकार म्हणतात.

प्रश्न पोलीस पाटलांचा होता. सुंदरावहिनींच्या चहाच्या टपरीवर मी त्यांना गाठलं.

"हळद हाय?" रघूकाकांनी विचारलं.

"नाय."

"लगीन?"

"झालंय. पन्नासेक वर्षं झाली असतील."

"मग वाजवतो कशाला?"

"चूक शोधायचीय."

रघूकाकांनी बशीतला चहा संपवला. वहिनींकडे बघितलं. वहिनी म्हणाल्या, "म्हातारीला ऐकायचं हाय हो. वाजवू द्या."

"बुधवारी दुपारी मी मुरबाडला मीटिंगला हाय," रघूकाका म्हणाले. "मागं काय झालं ते मला कळत नसतं."

बुधवारी दुपारी रघूकाका नथूकाकांच्या अंगणासमोर त्याच टपरीवर, अंगणाकडे पाठ करून बसले होते. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, "मी मुरबाडला हाय."

मी कोंबडीला हलवलं. वरचे खोके, ज्यांना आम्ही टॉप म्हणतो, ते जोडलेच नाहीत. ते बारीक आवाजाचे, त्यांचं काम नव्हतं. बेसचे खोके अंगणात लावले आणि सगळ्यात मोठ्या खोक्याला चिकटून गोजाबाईंची खुर्ची ठेवली. ताईंनी त्यांचा हात खोक्याच्या लाकडावर ठेवला. नथूकाका घराच्या भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मी म्हटलं, "काका, बसा की." ते म्हणाले, "त्या दिवशी मी असाच उभा होतो."

मी मोबाइल जोडला आणि रेकॉर्ड पहिल्यापासून लावली.

आधी काही झालं नाही. मग टपरीवरचे काचेचे ग्लास एकमेकांना हळूच लागायला लागले. पाण्याच्या पिंपात गोल गोल रेघा उठल्या. मी बेस वाजवतो तेव्हा छाती धडधडते, खिडक्या हलतात, माणसं नाचतात किंवा शिव्या देतात. हे वेगळंच होतं. कोणीतरी जमिनीखालून, आपल्याच घरी जायचं असल्यासारखं, सावकाश चाललं होतं. बेसचं नाव ऐकून पोरं जमली. रितेशने सवयीने दोन्ही हात वर केले, थोडा वेळ तसेच ठेवले, आणि यावर नाचायचं कसं ते न कळून खाली घेतले.

गोजाबाईंनी डोळे मिटले होते.

"चालतायत," त्या म्हणाल्या. त्यांना वाटलं हळू बोलल्या, पण ऐकू कमी येणारी माणसं हळू बोलू शकत नाहीत. "स्टँडावरनं येताना असेच येतात. हातात पिशवी असली की."

नथूकाका हलले नाहीत.

दुसरं गाणं संपलं. तिसरं सुरू झालं. तोवर सगळ्यांना कळलं होतं, की या गाण्यात कुठेतरी चूक यायला पाहिजे. इतकी माणसं एका चुकीची इतक्या आशेने वाट बघताना मी पाहिलेली नाहीत. आमच्या गावात चुका न बोलावता येतात. आवाज चालत राहिला. वर चढला, खाली उतरला, वळणावर वळला, आणि कुठेही अडखळेना. अर्धं गाणं झालं. ताईंनी माझ्याकडे बघितलं. मी उगाच डीजेच्या मिक्सरच्या बटणाला हात लावला, जसं काही चूक वाढवायचं बटण असतं. भिंतीकडे तोंड केलेल्या माणसाची मानेमागची शीर मला दिसत होती.

आणि आवाज थांबला.

दोन पावलं पडायला हवी होती, तिथे पडली नाहीत. ग्लास थांबले. पिंपातल्या रेघा कडेला जाऊन विरल्या. मग आवाजाने परत पाऊल टाकलं आणि मागे काही राहिलं नसल्यासारखा पुढे निघाला.

"आला बघ पाणी घ्यायला," गोजाबाई म्हणाल्या.

नथूकाकांनी मागे वळून बघितलं नाही. फक्त डावा खांदा जरासा आत घेतला, कोणाला वाट करून द्यावी तसा.

गाणं संपलं. मग टपरीवरून, अंगणाकडे पाठ करूनच, रघूकाका म्हणाले, "मी मुरबाडला हाय. इथवर नीट येत नाय. परत लाव, जरा मोठ्यानं."

संध्याकाळी मी खोके टेम्पोत चढवत होतो, तेव्हा गोजाबाई नवऱ्याला म्हणाल्या, "मटण चांगलं करता तुमी. पण ह्ये जास्त चांगलं हाय."

"सांगितलं होतं तुला," नथूकाका म्हणाले.

"सांगितलं होतं. ऐकवलं कुठं होतं?"

तांदळाच्या पिंपावरचं झाकण दुसऱ्या दिवशी बदललं. तिथे आता परात आहे. रेकॉर्ड बूच काढून, धुऊन, भिंतीवर खिळ्याला लावली आहे. ती थोडी वाकलेली आहे आणि तिला तांदळाचा वास येतो.

एवढं झाल्यावर हे झालंच नाही. गावाने ते एकमताने ठरवलं, आणि आमच्या गावात एकमत क्वचित होतं, म्हणून मीही मोडलं नाही. कोंबडी खोक्यात परत गेली.

दिवाळीनंतर ताई आईला पुन्हा कल्याणला घेऊन गेल्या. परत आल्यावर नथूकाका माझ्याकडे आले. ते सहसा कोणाकडे जात नाहीत, लोक त्यांना बोलवायला येतात. टेम्पोच्या फळीवर बसले.

"जाड आवाजही निघालेत म्हणे," ते म्हणाले.

मी हातातली वायर गुंडाळून त्यांच्या शेजारी बसलो.

"तुला अर्ज जमतात ना रे दिपेश? डीजेच्या परवानगीचे लिहितोस तू."

"लिहितो काका. पण आजवर एकपण मंजूर नाय झाला."

"चालंल. लिही."

"कोणाच्या नावाने?"

काकांनी विचार केला. "ज्याच्याकडं ते खातं असंल त्याच्या."

ते सांगत गेले आणि मी त्याला अर्जाची भाषा लावत गेलो. सही त्यांनी केली. हात तोच, कव्हरवरचा. ग्रामपंचायतीत आवक शिक्का मारायच्या आधी कारकुनाने अर्ज दोनदा वाचला आणि कुठल्या फाइलला लावू म्हणून विचारलं. ते अजून ठरलेलं नाही. मजकूर असा:

प्रति,
मा. संबंधित अधिकारी.

विषय : आवाज नेण्याच्या क्रमाबाबत.

महोदय,

वरील विषयास अनुसरून अर्ज करतो की, अर्जदाराची पत्नी सौ. गोजाबाई यांच्या कानांतील बारीक आवाज यापूर्वीच नेण्यात आले असून त्याबाबत अर्जदाराची तक्रार नाही. उर्वरित आवाज नेणे अपरिहार्य असल्यास, प्रथम पोलीस पाटील यांचा, त्यानंतर एसटीचा व त्यानंतर ढगांचा नेण्यात यावा. आणि अर्जदाराचा आवाज, त्यातील चुकीसह, सर्वांत शेवटी नेण्यात यावा, ही नम्र विनंती.