मक्याच्या पावाचं काडतूस

स्वयंपाकघरातलं मक्याचं पीठ नाहीसं होऊ लागलं, तेव्हा मी आधी उंदरांना शिव्या घातल्या. चोर घरचाच निघाला. माझा नवरा, ऑरव्हिल टीग.

आयडाहोतल्या आमच्या डोंगरी गावात तो बंदुका दुरुस्त करायचा. हत्ती मारायच्या बंदुकीच्या काडतुसाची जाडजूड पितळी पुंगळी घ्यायची, तिची मान आवळून बारीक गोळी बसवायची; गोळीमागे दारू भरपूर, म्हणजे दरीपलीकडचं एल्क हरीणसुद्धा टप्प्यात, असा त्याचा बेत. पुंगळीला आकार द्यायला आत चिमूटभर दारू, वर माझं पीठ, तोंडाला मेण, आणि बार आभाळात. पितळ फुगून बंदुकीच्या नळीच्या घाटाचं व्हायचं. पण माना दर वेळी फाटायच्या.

बार झाला की गल्लीभर भाजलेल्या मक्याच्या पावाचा वास सुटे. शेजारचा क्लिंट कुंपणावरून ओरडे, "काय रे, मक्याचा पाव! लोणी आणू का?" गावात त्याला तेच नाव पडलं. मला क्लिंटचा मनस्वी राग यायचा.

शेवटी ऑरव्हिल म्हणाला, "या खेपेला फाटल्या तर लेथ विकतो आणि लाकडाच्या गिरणीत कामाला जातो."

गिरणीतून रोज कुणीतरी घरी जेवायला आलं असतं, पण तो माझा ऑरव्हिल नसता.

"पितळ आवळून कडक होतंय," तो म्हणाला. "माना तापवून मऊ करून बघतो. तुझी शेगडी देतेस?"

"पीठ विचारून नेलंस का? घे!"

त्यानं माना आचेवर धरल्या, पाण्यात टाकल्या. मग परसात बार काढला. पुंगळी उजेडात धरून तो तिची मान न्याहाळू लागला.

"फाटली?"

त्यानं ती माझ्या हातावर ठेवली. गरम होती, आणि अख्खी होती. मी रडलेच.

पुढे खरी गोळी भरून त्यानं दरीपलीकडचा चुना फासलेला दगड फोडला. हसायला आलेल्या क्लिंटनं दुर्बीण खाली घेतली आणि पुन्हा डोळ्याला लावली. शिकारीच्या दिवसांत तो स्वतःची बंदूक घेऊन दारात उभा.

"मलाही तसलीच नळी बसवून दे."

नव्या काडतुसाचं नाव नळीवर कोरतात, बहुधा करणाऱ्याचं आडनाव. नळी तयार झाली, तसा ऑरव्हिल छिन्नी उचलून म्हणाला, "टीग लिहितो."

"थांब," मी म्हटलं. "क्लिंट, नाव तू सांग. बारसं तूच केलंयस."

"अगं मेव्हिस, मस्करी होती ती."

"सांग."

क्लिंट कानापर्यंत लाल झाला. "मक्याचा पाव," तो पुटपुटला.

"मोठ्यानं. बार काढून काढून त्याचे कान गेलेत."

"मक्याचा पाव!"

ऑरव्हिलनं तेच कोरलं. मग बंदूक क्लिंटच्या हातात देत म्हणाला, "शिकारीला जाशील तेव्हा लोणी ने हं."