नुसता पाहिलेला बेल्ट

हे घडलं दोन हजार नऊ साली. त्या वर्षी मला अठ्ठावन्न पूर्ण झाली आणि आमच्या गॅरेजात पहिला कॉम्प्युटर आला.

आमचं गॅरेज म्हणजे माझ्या दिरांचं. हे होते तोवर ते दोघा भावांचं होतं. हे गेल्यावर कागदोपत्री दिरांचं झालं आणि गॅरेजावरच्या दोन खोल्या मला राहायला मिळाल्या. 'मिळाल्या' हा जाऊबाईंचा शब्द. त्या खोल्यांचा जिना थेट गॅरेजात, दिरांच्या काचेच्या केबिनसमोर उतरायचा. मी भाजी आणायला निघाले तरी केबिनमधली मान वर व्हायची. "कुठे, वहिनी?" ते सहजच विचारत. पण चौदा वर्षं रोज कुणी असं सहज विचारलं की माणूस उत्तर तयार ठेवूनच पायरी उतरतो.

माझं काम कार्डं लिहिण्याचं. गाडी आली की तिचं पिवळं कार्ड काढायचं, किलोमीटर आणि तक्रार लिहायची आणि कार्ड वैद्यांकडे द्यायचं. वैद्य म्हणजे आमचे हेडमेकॅनिक. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवून मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटून उभे राहायचे, म्हणून सगळे त्यांना वैद्य म्हणत. कार्डावर एकेका भागापुढे ते पेन्सिलीने खूण करत. भाग नुसता पाहिला असेल तर साधी खूण, आणि बदलला असेल तर खुणेभोवती गोल. हे कुठे लिहिलेलं नव्हतं. ते मला माहीत होतं आणि त्यांना माहीत होतं, आणि सव्वीस वर्षं तेवढं पुरलं.

मग एका कंपनीचा माणूस आला. सगळ्या गॅरेजांतल्या नोंदी त्यांची कंपनी एकत्र ठेवणार होती. जुनी गाडी घेणाऱ्याने नंबर टाकला की त्या गाडीची जन्मापासूनची दुखणी आणि औषधं पडद्यावर येणार. जी गॅरेजं जुनी कार्डं भरून देतील त्यांच्या दारावर 'खात्रीचं गॅरेज' असा बोर्ड लागणार. दिरांना तो बोर्ड फार आवडला. कार्डं भरायचं काम माझ्याकडे आलं.

पडद्यावरच्या तक्त्यात प्रत्येक भागापुढे एकच चौकोन होता. त्यावर टिचकी मारली की 'झाले' असं उमटायचं. मी पहिल्याच दिवशी विचारलं, "भाऊजी, नुसतं पाहिलं असेल तर काय करू? इथे दुसरा चौकोनच नाही."

"कार्डावर खूण आहे ना?"

"आहे."

"मग मारा टिचकी. बघणं हेसुद्धा कामच आहे, वहिनी. त्यांना दोन हजार कार्डं हवी आहेत, त्यांची पुराणं नकोत."

मी टिचक्या मारत गेले. पहिल्या दिवशी बोट अडखळायचं. दहाव्या दिवशी अडखळेनासं झालं. हे मी कुणावर ढकलत नाही. जाऊबाई चहा घेऊन येत आणि म्हणत, "ताई, तुम्ही त्या पडद्याकडे असं बघता जणू तो तुमचा रुसलेला जावई आहे." आम्ही हसायचो. चार महिन्यांत एकोणीसशे कार्डं भरून झाली. प्रत्येकाखाली 'नोंद करणार' म्हणून माझं नाव आणि 'काम करणार' म्हणून वैद्यांचं. तीस दिवसांनी नोंदीला कुलूप लागायचं. त्यानंतर काही बदलायचं तर मालकाचा पासवर्ड लागणार, आणि झालेला बदल लाल अक्षरांत सगळ्यांना दिसणार.

बोर्ड लागला. सहा आठवड्यांनी एक नर्सबाई आल्या.

तिशी-पस्तिशीच्या असतील. डोंगरापलीकडच्या चार वस्त्यांत घरोघर जाऊन जखमा धुणं, इंजेक्शनं देणं हे त्यांचं काम. त्यासाठीच त्यांनी एक निळी गाडी जुन्यात घेतली होती. हातात नोंदीचा छापील कागद होता.

"मावशी, हे तुम्हीच लिहिलंय ना? पाच गाड्या पाहिल्या मी. बाकीच्यांचा काही आगापिछा नाही. हिचं सगळं कसं जिथल्या तिथे. भावाने एकच गोष्ट बघायला सांगितली होती, टायमिंग बेल्ट. हे बघा, नव्वद हजार किलोमीटरला बदललाय. मी डोळे मिटून गाडी घेतली."

ती गाडी मला पाठ होती. एका निवृत्त हेडमास्तरांची. बेल्ट बदलायचा विषय निघाला की मास्तर म्हणायचे, "अजून चालतोय ना? मग पुढच्या खेपेला." त्यांची पुढची खेप कधी आलीच नाही. कार्डावर साधी खूण होती.

वैद्य इंजिनाला कान लावून उभे होते. नर्सबाई त्यांना म्हणाल्या, "आम्हीही असंच ऐकतो. पण आमचा पेशंट निदान बोलतो तरी."

"माझे पेशंट खोटं बोलत नाहीत, बाई. एवढं एक सुख," असं म्हणत वैद्यांनी तो कागद हातात घेतला. वाचला. माझ्याकडे पाहिलं. मग स्क्रू-ड्रायव्हर फडक्याने पुसायला लागले, स्वच्छ होता तरी पुसत राहिले.

तेवढ्यात दीर केबिनबाहेर आले. "गाडी एक नंबर आहे. तेल बदला आणि सोडा." नर्सबाई आमचे आभार मानून गेल्या.

मला समजेल अशी एकच गोष्ट वैद्यांनी सांगितली. तो बेल्ट एक लाख चार हजार किलोमीटर चालला आहे. तो चढावर तुटला तर इंजिन जागच्या जागी मरेल, मागे खोल उतार आणि गाडीत ती बाई.

आम्ही दोघं केबिनमध्ये गेलो. दिरांनी दार लावून घेतलं.

"एक नोंद चुकली असं लाल अक्षरांत आलं की बाकीच्या एकोणीसशे कोण खऱ्या मानेल? बोर्ड जाईल. आणि विचारायला कुणाकडे येतील? खाली नाव कुणाचं आहे, वहिनी? तुमचं. काम कुणी केलं म्हणून लिहिलंय? यांनी. माझं नाव दाखवा बरं कुठे आहे."

वैद्य म्हणाले, "तुम्हीच सांगितलंत ना टिचक्या मारायला?"

"तसं कुठे लिहिलंय?" दीर शांतपणे म्हणाले. "यांना निवृत्त व्हायला दोन वर्षं आहेत. पार्ट न बदलता बदलला असं सांगणारा मेकॅनिक म्हटल्यावर याच काय, कुठल्याच गॅरेजात उभं करणार नाहीत. विचार करा. आणि वहिनी, वरच्या खोल्या मी कधी तुमच्याकडे परत मागितल्यात का? नाही ना? मग."

त्यांनी दार उघडून धरलं.

त्यानंतरचे दिवस मला अजून एकेक करून आठवतात. रोज सकाळी मी पडद्यावर निळ्या गाडीचा नंबर टाकायची. माझं नाव, वैद्यांचं नाव, 'झाले'. नर्सबाईंचा फोन नंबर तिथेच होता. तो मी चिठ्ठीवर उतरवला आणि कोपऱ्यावरच्या दुकानातल्या फोनपर्यंत दोनदा गेले. "कुठे, वहिनी?" "साबण आणायला." दोन्ही वेळा साबण घेऊन परत आले. रिसीव्हर उचलला की वैद्यांची बायको डोळ्यांसमोर यायची, तिचं ते दम्याचं औषध. आणि खरं सांगायचं तर वरच्या दोन खोल्याही यायच्या. कपाटात साबणाच्या वड्या वाढल्या. जेवण जात नव्हतं. जाऊबाईंनी विचारलं, "काय झालंय?" मी म्हटलं, "पित्त." त्या म्हणाल्या, "पित्त मलाही आहे, ताई. मीही त्याच घरात राहते." त्यांना सगळं ठाऊक होतं हे मला तेव्हा कळलं.

नवव्या दिवशी सकाळी वैद्य माझ्या टेबलाशी आले.

"वहिनी, तुम्ही माझ्यासाठी गप्प आहात ना?"

"हो."

"मी तुमच्यासाठी गप्प आहे. आपण दोघं एकमेकांवर उपकार करतोय आणि ती बाई रोज डोंगर चढतेय." त्यांनी पडद्याकडे बोट केलं. "जुनी नोंद उघडत नाही म्हणता. नवी घालता येते का?"

नवी नोंद तर मी रोज घालत होते. तिला पासवर्ड लागत नव्हता. आणि नवी नोंद पडली की गाडीमालकाच्या मोबाइलवर आपोआप मेसेज जायचा. रोज हाताखालून जाणारी गोष्ट, पण जुन्या नोंदीचं कुलूप काढायच्या नादात मला सुचलीच नव्हती.

शेवटी शेरा लिहायला एक ओळ असायची. मी लिहिलं: 'टायमिंग बेल्ट आजवर बदललेला नाही, नुसता पाहिलेला आहे. गाडी चालवू नये.'

"माझं नाव घाला," वैद्य म्हणाले. "पूर्ण घाला."

दीर बाहेर गेले होते. निळी गाडी झाल्यावर मी उठायला हवं होतं, पण उठले नाही. वैद्य पिवळी कार्डं काढून देत गेले, आधी बेल्ट, मग ब्रेक, आणि मी लिहीत गेले. सतरा गाड्या झाल्या तेव्हा केबिनमधला फोन वाजू लागला. मग तो थांबेचना. दीर परत आले, दारातच उभे राहिले आणि त्यांनी भिंतीवरचं बटण बंद केलं. पडदा काळा झाला.

नर्सबाईंना मेसेज मिळाला तेव्हा त्या पलीकडच्या वस्तीत एका म्हाताऱ्याची पट्टी बदलत होत्या. गाडी तिथेच अंगणात ठेवून त्यांनी फोन केला. वैद्य नवा बेल्ट पिशवीत घालून बसने गेले आणि त्या अंगणातच त्यांनी तो बदलला. जुना बेल्ट त्यांनी मला आणून दाखवला. वाकवला तर तीन ठिकाणी चिरला.

दोन दिवसांनी नर्सबाई आल्या. आभार मानतील असं मला वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "तुम्हाला पहिल्याच दिवशी माहीत होतं."

"हो."

"नऊ दिवस. मी अठरा वेळा तो डोंगर चढले-उतरले."

त्या गेल्या.

वैद्यांना त्याच आठवड्यात काढलं. त्यांनी रस्त्याकडेला पत्र्याची शेड टाकली. त्या सतरांतले पाच-सहाजण त्यांच्याकडे जायचे, बाकीच्यांनी मात्र त्यांना शिव्याच दिल्या. पुढे त्यांचा उजवा कान गेला, मग ते डाव्या कानाने ऐकू लागले. चार वर्षांपूर्वी ते वारले.

गॅरेजवरचा बोर्ड उतरला. दीर शेवटपर्यंत माझ्याशी बोलले ते जाऊबाईंच्या मार्फत, मी समोर असले तरी. "तिला सांग, जिन्यातला दिवा बंद कर." खोल्या मात्र त्यांनी काढून घेतल्या नाहीत. मला वाटतं, मी तिथे वरच, त्यांच्या नजरेखाली राहावं हेच त्यांना हवं होतं. मी सहा वर्षं राहिले, कारण जायला दुसरी जागा नव्हती. ते गेल्यावर जाऊबाईंनी गॅरेज विकलं आणि त्या मुलाकडे गेल्या. महिन्यातून एकदा त्यांचा फोन येतो. आता मी धाकट्या बहिणीकडे असते.

ती कंपनी दुसऱ्या कंपनीने घेतली आणि नोंदीही तिच्याकडे गेल्या. एकोणीसशे वजा सतरा तशाच आहेत, माझ्या नावासकट. त्यांतल्या किती गाड्या अजून रस्त्यावर असतील, कोण जाणे.

नर्सबाई आता मोठ्या दवाखान्यात मुख्य नर्स आहेत. तीन वर्षांपूर्वी माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन तिथेच झालं. घरी ड्रेसिंगला कुणाला तरी पाठवा म्हणून बहिणीने फोन केला, तर त्या स्वतः आल्या, आणि पंधरा दिवस येत राहिल्या. फार काही बोलल्या नाहीत. पट्टी मात्र रोज सोडून, नीट बघून, पुन्हा बांधायच्या.