सावकाराची पहार आणि एनेइदाचा दरवाजा

मित्रांनो, मी एक जुना दरवाजा आहे. दरवाजा ठोठावायचा असतो, असं तुम्हाला वाटत असेल. मला मात्र फोडायला आलेलीच माणसं जास्त भेटली.

माग्दालेना नदीकाठी निकानोर सुतारानं मला घडवलं. रंधा फिरवताना तो गुणगुणायचा, आणि ते गाणं माझ्या रेषारेषांत मुरलं. पुढे नदीनं त्यालाच गिळलं. त्याच्या मातीसाठी बायकोनं, एनेइदानं, लिसांद्रो सावकाराला हुंडी लिहून देऊन कर्ज काढलं. मक्याचे उंडे विकून ती ते फेडत होती. मग पूर आला, चूल वाहून गेली, हप्ते थांबले.

लिसांद्रोला कोर्टाची वाट मोकळी होती. हुंडीच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत असते; ती उलटली की दावा टिकत नाही. पण वकिलापेक्षा त्याला पहार स्वस्त वाटली. त्याची माणसं येत, मला लाथा घालत. एकदा त्यांनी एनेइदाची बोटं माझ्या फटीत चिरडली. तिचं रक्त माझ्या अंगावरून ओघळलं, आणि मी नुसता करकरत राहिलो.

या मारझोडीतच मुदत उलटून गेली.

मग ईस्टरआधीचा पवित्र आठवडा आला. त्या दिवसांत आमच्याकडे गोडाच्या बशा घरोघर जातात. वैऱ्यालाही वगळायचं नसतं. एनेइदानं पपईचा पाक लिसांद्रोकडेही धाडला. तो ती बशी नाचवतच माझ्यापुढे आला.

"कर्जापोटी दिलीस ना? म्हणजे कर्ज कबूल! मुदत पुन्हा पहिल्यापासून. दावा लावून घर घेतो बघ!"

माझ्याआड कडी लावून उभी असलेली एनेइदा पांढरीफटक पडली.

समोरच्या खिडकीतून दोमितिला म्हातारी कडाडली, "अरे मेल्या, बशी मलाही आली! मी कुठे तिची सावकारीण?"

पलीकडच्या दारातून आणखी एक शेजारीण ओरडली, "आणि पाद्रीबाबांना? त्यांचंही देणं होतं काय गं?"

सगळी गल्ली खदखदली. ते हसू त्याला सोसलं नाही. त्यानं पहार उचलली आणि माझ्या छातीत घातली. माझी फळी फुटली, ढलप्या एनेइदाच्या गालात घुसल्या. पण माझी कडी सुटली नाही. शेजाऱ्यांनी त्याला खाली पाडून दोरीनं बांधेपर्यंत मी आडवा उभा होतो.

तरी त्यानं दावा लावलाच. कोर्टात एनेइदा टाके घातलेल्या गालानं बोलली, "साहेब, मुदत संपलीय. कोर्ट आपणहून ते बघत नाही, माझं मलाच सांगावं लागतं म्हणतात, म्हणून आलेय. बशी सणाची होती." दोमितिलानं साक्ष दिली. दावा फेटाळला गेला, घर राहिलं. पहारीसाठी लिसांद्रो तुरुंगात गेला.

मित्रांनो, दिलेलं परत मागायचा हक्क घेणेकऱ्यालाही असतो. त्यानं ते वेळेत मागावं, आणि कोर्टात मागावं.

माझी एक फळी आता दुसऱ्या झाडाची आहे. पावसात ती फुगते आणि मी अडतो. मग एनेइदा खांदा टेकवते, हळूच ढकलते, म्हणते, "चल रे, राजा."

दारं अशी उघडा.