तपासणीपुरती शांत छाती

मित्रांनो, मी एक जुना स्टेथोस्कोप आहे. बस आगाराच्या दवाखान्यात खिळ्याला लटकलेला असतो. माझी नळी आता कडक झाली आहे. कारखान्यातून आलो तेव्हा मात्र असा चकचकीत होतो, की डॉक्टरीणबाईंनी मला लगेच गळ्यात घातलं. "याच्यापासून काही लपत नाही," असं त्या सगळ्यांना सांगायच्या आणि मी फुशारून जायचो. कसलं काय!

आगारात एक ड्रायव्हर होते. त्यांचा मेहुणा त्यांच्याच गाडीवर कंडक्टर. तो दिवसभर 'दाजी, दाजी' करायचा, म्हणून सगळं आगारच त्यांना दाजी म्हणू लागलं. दाजींचं पोट स्टिअरिंगला टेकायला लागलं, तेव्हा मेहुण्याने त्यांना एका पुडीचा डबा आणून दिला. म्हणे चरबी झडते, झोप उडते, अंगात तरतरी येते.

"निव्वळ झाडपाला आहे, दाजी. शेळी दिवसभर खाते, तिला काय होतं?"

दाजी रोज चमचाभर पूड घेऊ लागले. छाती धडधडायची, पण त्यांना वाटे, पूड लागू पडते आहे. वार्षिक तपासणी जवळ आली की मात्र ते पूड बंद ठेवत. बाईंसमोर उगाच धडधड नको! हे सगळं मला फार उशिरा कळलं. मला दरवर्षी ऐकू यायची ती गुणी बाळासारखी छाती, आणि बाई म्हणायच्या, "ठणठणीत!"

एका सकाळी एका मेकॅनिकचं बोट चेंगरलं, म्हणून बाई मला गळ्यात घेऊन आवारात धावल्या. पट्टी बांधून परतताना त्यांना दाजी दिसले. गाडी भरलेली, दाजी केबिनच्या पायरीवर उभे आणि घामाने निथळत होते. बाईंनी त्यांना थांबवून मला त्यांच्या छातीवर टेकवलं.

बापरे! आत नुसती पळापळ चालली होती. मध्येच एक ठोका गळायचा, मग दोन एकदम यायचे.

"काही औषध घेता का?" बाईंनी विचारलं.

"छे हो! औषधाला मी हातसुद्धा लावत नाही. धावत आलो ना, म्हणून." दाजी हसले. त्यांना ते खोटं वाटतच नव्हतं.

गाडीतून ओरडा सुरू झाला. बाई घुटमळल्या. इतकी वर्षं ठणठणीत असलेला माणूस! त्यांनी मला कानातून काढलं. मी तडफडलो. अहो, पुन्हा ऐका! पण मला तोंड कुठे आहे?

दाजींनी दाराची मूठ धरली. हात लटलट कापत होता. तो हात मेहुण्याने पाहिला.

"दाजी, खाली उतरा," तो म्हणाला. मग बाईंकडे वळला. "बाई, ते पूड घेतात. मीच आणून दिली."

दाजी खाली उतरले आणि मेहुण्याच्या अंगावरच कोसळले. रुग्णवाहिकेत बाईंनी मला पुन्हा टेकवलं, तर आत काहीच ऐकू येईना. मित्रांनो, तशी शांतता मी कधी ऐकली नव्हती. मग विजेचा झटका दिला. पुन्हा दिला. आणि एक ठोका आला, भित्रा, पण आला.

दाजी वाचले. आता ते गाडी चालवत नाहीत, सुट्या भागांच्या खोलीत बसतात. त्यांची बायको दवाखान्यात येऊन रडली. "माझ्याच भावाने डबा आणला आणि त्यानेच वेळेवर तोंड उघडलं. त्याला मारू की जवळ घेऊ, बाई?"

बाईंकडे आता नवा स्टेथोस्कोप आहे. त्याचं मला वाईट वाटत नाही. एकच विनवणी आहे, मित्रांनो. डॉक्टरांनी विचारलं, तर पूड, काढा, पाला, चूर्ण, जे पोटात जातं ते सगळं सांगा. आम्हाला फक्त ठोका ऐकू येतो. तो का चुकला, हे तुम्हीच सांगायचं असतं, आणि तेही गाडी सुटायच्या आत.