तीन तोंडं पाणी

खुशाल नाक दाबून पुन्हा खाली गेला आणि पायाने तुडुमाचं सगळ्यात खालचं तोंड चाचपडू लागला. दगड लागायला हवा होता, त्यात ठोकलेला लाकडी गुट्टा लागायला हवा होता. लागला तो गाळ. पोटरीपर्यंत पाय आत रुतला तरी तळ नाही.

वर येऊन त्याने पायरीचा दगड घट्ट धरला. तुडूम म्हणजे तलावाचं पाणी नहरात सोडायची जुनी दगडी मोरी. तिला वर-खाली चार तोंडं. पाणी जसं उतरेल तसा खालच्या तोंडाचा गुट्टा उपसायचा. बावीस वर्षं गावाचा पाणकर म्हणून हे काम खुशालचं. यंदा पावसाने दगा दिला आणि वरचं तोंड उघडंबोडकं पडलं. पण खाली तीन तोंडं पाणी होतं. गर्भात आलेल्या धानाला शेवटचं पाणी तेवढ्यात निघतं, हे तो झोपेतही सांगू शकला असता. उद्या पाणी सोडायचं म्हणून आज गुट्टे सैल करायला उतरला, आणि हे असं. पाच वर्षं पाऊस पुरला होता, तळाच्या तोंडाला हात लावायची वेळच आली नव्हती.

तलावाच्या पारीवरून, म्हणजे बांधावरून, सरपंच प्रफुलने हाक दिली.

"काका, बरोबर आहे ना जी? मोबाईलवर त तलावात अडतीस टक्के पाणी दावून राहिला!"

"हो, हो," खुशाल बोलून गेला.

छातीभर पाण्यात उभ्या माणसाच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

तीन दिवसांआधीच्या गावसभेत गोवर्धन या शेतकऱ्याने नाल्यावर डिझेल इंजिन बसवायचं काढलं होतं. नाल्याची धार वाहती आहे तोवर नहराच्या शेपटाकडच्या बांध्यांना, म्हणजे धानाच्या खाचरांना, पाणी पाजून घेऊ, म्हणत होता. खुशालनेच त्याला उडवून लावलं. "कायले डिझेल जाळता गा? तीन तोंडं पाणी आहे. सगळ्यायचं होते." तेव्हा मागे शामकला उठली होती, काहीतरी सांगायला. तलावातून ढेस, म्हणजे कमळाचे कंद, काढून बाजारात विकणारी एकटी बाई. "बस वं बाई," खुशाल हसून म्हणाला होता, "तुह्या ढेसाचं मागून पाहू." सभा खो खो हसली होती.

ओल्या अंगानेच तो नाल्याकडे गेला. धार मनगटाएवढी उरली होती. चार दिवस, फार तर पाच. पाणकराची बांधी सगळ्यांच्या शेवटी भिजते, हा गावचा रिवाज. तेव्हा आपला धान गेला, हे त्याने गाळ लागताच मनाशी धरलं होतं. पण दोनच तोंडांच्या पाण्यात त्याच्या आधीच्या शेपटाकडच्या अकरा बांध्याही कोरड्या राहणार, त्यांचं काय? गप्प बसलं तर सगळं पावसावर ढकलता आलं असतं. कोण बुडी मारून पाहणार होतं? सांगितलं तर बावीस वर्षांचं नाव एका सभेत मातीत.

त्या अकरांतली पहिली बांधी शामकलाची. निदान तिला तरी तोंडावर सांगू, म्हणून तो तिच्या धुऱ्यावर, शेताच्या कडेच्या बांधावर, जाऊन उभा राहिला आणि बघतच राहिला. भोवतालचा धान हिरवागार, आणि हिच्या बांधीत पिवळ्याधमक लोंब्या. शामकला वाकून कापणी करत होती.

"शामकला, तुह्या बांधीले पाणी..."

"नाही येत. माहीत आहे मले."

"कोनं सांगतलं?"

"कोन सांगते जी? तीन साल झाले, त्या तोंडापाशी ढेस काढून राहिलो मी. कंबरभर गाळ आहे तेथी." तिने मुठीतला धान खाली ठेवला. "म्हून यंदा हलका धान लावलो. लवकर होते, शेवटच्या पाण्याची वाट नाही पाहा लागत."

"अवं, मंग सभेत काऊन नाही सांगतली?"

शामकलाने विळ्याला चिकटलेलं गवत काढलं.

"उठलो होतो," ती म्हणाली.

खुशालला कानशिलात बसल्यासारखं झालं. तो धुऱ्यावर बसला. शामकला पुन्हा वाकून कापू लागली.

"नाल्यात चार दिवसाचं पाणी आहे," शामकला मान वर न करता म्हणाली. "लोक आजच तिरोड्याले गेले त इंजिन भेटते. बाकीच्या दहाच्या दहा बांध्या वाचते. तुमचीबी."

खुशाल उठला. लुंगीला लागलेला गाळ एव्हाना वाळून पांढरा पडला होता.

"प्रफुलले सांगून आता सभा बोलावतो. तू चाल."

"मी येऊन काय करू? हसाले?"

"आज मी बसतो," खुशाल म्हणाला. "तू सांग."

शामकलाने त्याच्याकडे एकदा नीट पाहिलं. मग विळा पेंडीवर ठेवला, पदर खोचला आणि अरुंद धुऱ्यावरून त्याच्या पुढे चालू लागली.