पऱ्हाटी सरली की

“धूर कुठाय गं ह्याच्यात?” मंजुळाबाईनं डोळे बारीक करून विचारलं.

अंगणात लिंबाखाली बाज टाकलेली होती. बाजेवर लॅपटॉप, आणि पडद्यावर ऊन येऊ नये म्हणून त्याच्यावर द्वारकाची ओढणी. त्या ओढणीच्या आडोशाला मायलेकी डोक्याला डोकं लावून बसल्या होत्या. पडद्यावर एक उभा, कमरेत आवळलेला ड्रम होता. वरून पऱ्हाटीचे, कापसाच्या वाळक्या झाडांच्या काड्यांचे, तुकडे पडत, कमरेपाशी येईतो लाल होत, खाली काळे कोळसे होऊन बसत आणि बुडाजवळच्या नळीतून एक निळी रेघ लवलवत बाहेर निघे.

“धूर न्हाईच आई. तीच तर गंमत हाय. पऱ्हाटी पुरती जळू द्यायची न्हाई. हवा मोजकीच सोडायची. मंग तिचा गॅस होतो. त्याच्यावर इंजिन चालतं, चूल पेटती.”

“आन् ही आग खरी हाय का चित्रातली?”

“चित्रातली. खरी भट्टी बांधायच्या आधी काँप्युटरात जाळून बघायचं. पऱ्हाटी किती सावकाश टाकायची, किती वाळलेली पायजे, सगळं.”

शेजारची वत्सलाबाई उंबऱ्याशी बसून शेंगा फोडत होती. तिला एवढ्या लांबून पडदा दिसत नव्हता, पण बोलल्याशिवाय राहवतही नव्हतं. “इतकी वर्सं शाळा शिकून पोरगी शेवटी चूलच पेटवायला शिकली म्हनायची. मला इचारलं असतंस द्वारके, तर मी फुकट शिकिवलं असतं.”

“मावशी, तुमची चूल डोळ्यातनं पानी काढती. माझी न्हाई काढत.”

“बघू की. अजून निघाली कुठं हायस तू,” वत्सलाबाई म्हणाली आणि शेंगेचं टरफल लांब फेकलं.

द्वारकानं दाराकडं पाहिलं. बॅग भरून दाराशी ठेवलेली होती. दुपारच्या एस.टी.नं बीड, आणि संध्याकाळी तिथून हैदराबादची गाडी. बीडच्या ज्या इंजिनिअरिंग कॉलेजात ती शिकवत होती त्यांनी सहा महिन्यांची रजा दिली होती, आणि हैदराबादच्या संस्थेनं आपला मोठा संगणक. तिच्या लॅपटॉपला एका सेकंदाच्या आगीचं गणित सोडवायला अख्खी रात्र लागायची. रात्री लेकीला थोपटता थोपटता ती काम लावून ठेवी, पंख्याची घरघर ऐकत झोपे, आणि सकाळी उठून पाही तर आग जेमतेम काडीच्या टोकाशी पोचलेली असे. अशा आगीवर पीएच.डी.चा प्रबंध पुरा होणार कधी! नवरा प्रवीण रांजणगावला कंपनीत. पंधरा दिवसांनी एकदा घरी. तो म्हणाला होता, तू जा, मी जमेल तसं गावाकडं चक्कर मारत जाईन. राहिली पाच वर्षांची संस्कृती. ती आठ दिवसांपासून इथं आजीकडं होती, सुट्टी म्हणून. सुट्टी नाही हे तिला अजून कुणी सांगितलं नव्हतं.

दसरा होऊन गेला होता. ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या होत्या आणि गाव निम्मंअधिक रिकामं झालं होतं. समोरच्या तीन घरांना कुलपं. नवरा होता तोवर मंजुळाबाईही दर वर्षी याच दिवसांत ट्रकमध्ये बसायची. नवरा गेला, तोडीला लागणारी नवरा-बायकोची जोडी मोडली, आणि तिचा कोयता आढ्याला अडकला तो अडकलाच.

“सरत न्हाई व्हय ही?” मंजुळाबाई अजून पडद्याकडंच बघत होती. “मघाधरनं पडायलीच हाय वरून.”

“शेवटाला गेली की पुन्हा पहिल्यापासनं लागती ती. सरायची न्हाई.”

वत्सलाबाई एकदम हसली. “मंग बरं हाय. हिच्या हाती सरनारी दिली न्हाई. आठवतंय का मंजुळे, एवढीशी होती, आन् एका हिवाळ्यात अख्खा ढीग जाळला पोरीनं! म्हातारी बोंबलायची. लई गारठा वाजायचा बाई हिला.”

घरात कितीदा तरी सांगून झालेली ही गोष्ट. द्वारकाच्या लग्नातसुद्धा कुणीतरी प्रवीणला म्हणालं होतं, जावईबापू, जळणाचं बघून ऱ्हावा. द्वारका दर वेळी हसायची. आजही हसली.

गारठ्याची ती गोष्टच नव्हती.

दुसरीत होती ती. घरामागच्या भिंतीला पऱ्हाटीचा ढीग लागलेला असायचा. उन्हाळ्यात कापसाच्या रानातून उपटून आणलेला, पावसाळाभर ताडपत्रीखाली जपलेला. ट्रक यायच्या आदल्या दिवशी आई तो पुन्हा नीट रचायची, घरी मागं राहणाऱ्या म्हाताऱ्या आजीला काढायला सोपा जावा म्हणून. त्या वर्षी द्वारका पाय सोडीना, तेव्हा आईनं ढिगाकडं हात केला आणि म्हणाली, “रडू नको माय. ही पऱ्हाटी सरली की मी आले बघ.”

मग काय, द्वारका कामालाच लागली. म्हातारीची भाकरी झाली की ही चुलीत आणखी चार काड्या सारायची. आंघोळीचं पाणी उकळून आटेपर्यंत तापवायची. रिकाम्या तव्याखाली जाळ घालायची. काड्यांनी हात फाटले, भुवया होरपळल्या. संक्रांतीला ढिगाच्या जागी उघडी जमीन दिसली, तेव्हा ती तोंड धुऊन, वेणी घालून फाट्यावर जाऊन बसली. संध्याकाळी म्हातारी शोधत आली आणि कान धरून घेऊन गेली. उरलेला हिवाळा म्हाताऱ्या बाईनं लोकांच्या रानातून काड्याकुड्या वेचून काढला.

पुढच्या वर्षी तिनं पुन्हा जाळली. पण त्या वर्षी ढीग हलेचना. कितीही काढा, शाळेतून आलं की आपला तेवढाच. तिला वाटलं, पऱ्हाटी पुन्हा उगवत असावी. काही दिवसांनी तिनं ढिगाकडं बघायचंच सोडून दिलं. त्या साली वर्गात पहिली आली, आणि पोरगी शहाणी झाली म्हणून सगळ्यांनी कौतुक केलं.

“गारठा न्हवता तो,” मंजुळाबाई म्हणाली.

द्वारकानं मान वळवून पाहिलं. आई अजून पडद्यावरच्या आगीकडं बघत होती.

“पाडव्याला कारखान्याचा पट्टा पडला, तोड सरली, घरी आले, तर तू जवळ यीना. दारातच हुबी. म्हनलीस, ‘लबाड हायस तू. कवाच सरली.’ मी मागं जाऊन बघितलं, तर नुसती माती.”

द्वारकाला हे आठवत नव्हतं. काहीच आठवत नव्हतं. “मी असं म्हनले?”

“म्हनलीस की. तिकडं तोडीवर आमच्या कोपीपुढं, झोपडीपुढं, उसाचं पाचट पेटवलं की मला रोज हा ढीग दिसायचा. आता इथपर्यंत आला आसंल, आता इथपर्यंत. आन् तू हिकडं दोनी हातांनी जाळत हुतीस.” मंजुळाबाईनं पदरानं कपाळ पुसलं. “मंग दुसऱ्या साली जाताना वत्सलीला सांगून गेले. पोरगी शाळंत गेली की तुझ्या रानातला भारा आमच्या ढिगावर टाकत जा. ढीग सरता कामा न्हाई.”

“भाऱ्यावर भारं आनून टाकलं बया,” वत्सलाबाई म्हणाली. आवाजातली मस्करी आता गेली होती. “मान मोडली माझी. पर लेकरू मला इचारायचं, ‘मावशी, पऱ्हाटी कावून सरंना?’ मी काय सांगू?”

लिंबावर कावळा ओरडला. पडद्यावरच्या काड्या पडत राहिल्या.

“चुकलंच ते,” मंजुळाबाई म्हणाली. “तवापासनं तू वाट बघायचीच बंद केलीस. पुढं ट्रक येऊन हुबा ऱ्हायला तरी आतनं उठून यायची न्हाईस. अभ्यास करतीय म्हनायचे समदे.” तिनं बोटानं लॅपटॉपची कड चाचपली. “आता हीबी न सरनारी. मंग तुझ्या पोरीला कसं कळायचं, तू कवा येनार ते?”

द्वारकानं ओढणी ओढून घेतली. उन्हात पडदा पांढरा पडला आणि आग दिसेनाशी झाली.

एस.टी.ची वेळ होत आली तेव्हा तिची एक चप्पल सापडेना. उंबऱ्याशी डावी होती, उजवी नव्हती. बाजेखाली नाही, न्हाणीपाशी नाही. कुत्र्यानं नेली म्हणून वत्सलाबाईनं एका निष्पाप कुत्र्याला शिव्याही दिल्या. मग द्वारकाच्या लक्षात आलं, संस्कृतीही कुठं दिसत नाही.

ती घरामागं गेली. भिंतीला ढीग होता. आता घरात गॅसची टाकी आली होती, पण आंघोळीचं पाणी आणि भाकरी मंजुळाबाई अजून चुलीवरच करी. ढिगाच्या कडेला संस्कृती पाय पसरून बसली होती. फ्रॉकला काटक्या लागलेल्या, गाल धुळीनं माखलेले. पाठीमागं पऱ्हाटीच्या फटीतून चपलेचा निळा पट्टा डोकावत होता.

“चप्पल कुठंय माझी?”

“माहीत नाही.”

“संस्कू.”

“बॅगमध्ये माझे कपडे नाहीत,” संस्कृती म्हणाली. “मी बघितलं. सगळे तुझेच आहेत.”

द्वारका तिच्यासमोर मातीत बसली. काय सांगायचं ते तिनं आठ दिवस जुळवलं होतं. मोठा काँप्युटर, रोज व्हिडिओ कॉल, येताना लाल सायकल. ते सगळं सोडून, मोबाइल काढून तिनं कॅलेंडर उघडलं, महिने सरकवून दाखवले. संस्कृतीनं ते सरकणारे चौकोन पाहिले आणि मोबाइल उलटा करून आईच्या मांडीवर ठेवला.

“किती झोपल्यावर येशील?”

हे गणित द्वारकाला येत नव्हतं.

तिनं वर पाहिलं. आई घराच्या कोपऱ्याशी उभी होती, हात कमरेवर. द्वारकाला कळलं की ते जुनं वाक्य आपल्या जिभेवर आलेलं आहे, आणि आईलाही ते कळलेलं आहे.

ती उठली. ढिगातून पऱ्हाटी उपसू लागली. दोन्ही हातांत मावेल एवढी एक कवळ काढली, चुलीशेजारच्या भिंतीपाशी नेऊन टाकली. आणखी एक नेली. संस्कृती उठून मागं मागं फिरू लागली. चप्पल मोकळी होऊन खाली पडली, तिच्याकडं कुणी पाहिलं नाही. भिंतीपाशी एक छोटासा ढीग झाला, संस्कृतीच्या छातीएवढा. द्वारका थांबली.

“हा ढीग तुझा. आजी सैपाक करील, पानी तापवील, तवा ह्याच्यातलीच काडी घालायची. दुसऱ्या ढिगाची न्हाई. हा सरला की आजीला फोन लावायला सांगायचं. मी रात्रीच्या गाडीत बसंन.”

“नक्की?”

“नक्की. मग आपण दोघी मिळून पुन्हा रचायचा.”

संस्कृतीनं ढिगाला एक प्रदक्षिणा घातली. मग डोळे बारीक करून, अगदी आजीसारखे, तिनं विचारलं, “मी लवकर जाळला तर?”

“तर मी लवकर यीन.”

मंजुळाबाई पुढं आली. आवाज खाली आणून म्हणाली, “येडी का काय तू? पोरगी आठ दिसांतच फस्त करंल हे.”

“करू दे.”

“आन् तुझं काम? सायब लोक काय म्हनतील?”

“ते काम माझ्यावाचून रात्रभर चालतं आई. लावून देऊन यीन, सकाळी हिच्यापाशी, संध्याकाळी परत गाडी.” तिनं हाताला लागलेल्या काटक्या झटकल्या. “मावशींना तेवढं सांग. भारा टाकायचा न्हाई.”

“न्हाई टाकत गं,” वत्सलाबाई पलीकडून म्हणाली. “आता मान ऱ्हायलीय कुठं माझी.”

मंजुळाबाईनं खाली वाकून चप्पल उचलली, पदरानं पुसली आणि लेकीच्या पायापुढं ठेवली. द्वारका ‘अगं आई’ म्हणेपर्यंत ते झालंही होतं.

फाट्यापर्यंत ती एकटीच गेली. संस्कृती येणार नाही म्हणाली. तिला काम होतं.

एस.टी.त खिडकीशी जागा मिळाली. चौसाळ्याहून आलेली गाडी, बाजार करून निघालेल्या बायका, पायांत पिशव्या, कुणाच्या तरी मांडीवर पाय बांधलेली कोंबडी. द्वारकानं लॅपटॉपची बॅग छातीशी धरली. हैदराबादला पोचल्यावर पहिल्यांदा कोणता आकडा बदलायचा, पऱ्हाटी किती वेगानं सोडायची, हे ती मनाशी जुळवू पाहत होती. जुळत नव्हतं.

वळणावर गाडीचा वेग कमी झाला. इथून रानापलीकडं गावाच्या कडेची घरं दिसतात. दिवस अजून बराच वर होता. सकाळच्या भाकरी होऊन कधीच थंड झालेल्या, रात्रीच्या स्वयंपाकाला अजून वेळ. अशा वेळी गावात कुणाची चूल पेटत नाही. एका घरावरून मात्र धूर निघत होता. दाट, पांढरा, पोरसवदा हातांनी एकदम जास्तीच्या काड्या घातल्यावर निघतो तसा. लिंबाच्या शेंड्यात तो क्षणभर अडकला आणि मग सरळ वर गेला.

द्वारकानं खिडकीची काच सरकवली. वास यावा इतकं ते जवळ नव्हतं. पण काच तिनं बीड येईपर्यंत लावली नाही.