अनवाणी पायाचं माप

“निकिता, ब्रेकवरचा पाय उचलू नको. पंजा तिथंच राहू दे अन् पायाची कड हळूच रेसवर लोटजो.”

गुलाबसिंग मिस्त्रींचे हे शब्द मला अजून ऐकू येतात. मला कान नाहीत, हे खरं. पण मित्रांनो, ऐकायला कानच लागतात असं थोडंच आहे?

मी एका जुन्या मोटारीचा अ‍ॅक्सिलरेटर आहे. आमच्या अनसिंग गावात एवढ्या लांबलचक नावानं मला कोणी हाक मारत नाही. सगळे मला ‘रेस’ म्हणतात. माझ्या डाव्या हाताला ब्रेकताई राहते आणि तिच्या पलीकडे क्लचदादा. आम्हा तिघांचं जग म्हणजे माणसांचे पाय. चेहरे आम्हाला कधी दिसत नाहीत, पण पावलावरून माणूस ओळखता येतो.

एका कारखान्यात माझा जन्म झाला. तिथे एका मोठ्या यंत्राने मला हजारो वेळा दाबून पाहिलं, आणि दर वेळी मी परत वर आलो. तोच माझा नेम. पाय पडला की धावायचं, पाय उठला की मुकाट्यानं मागे यायचं. एक दिवसही मी तो मोडला नाही, ही देवाचीच कृपा.

इंद्रभानजींनी आमची गाडी घेतली, तेव्हा माझं फार कौतुक झालं. शेतावर, बाजाराला, लग्नाला, सगळीकडे मीच! मग घरात मोटारसायकल आली आणि आम्ही गोठ्याशेजारी उभे राहिलो. माझ्या अंगावर चिखल वाळला. ब्रेकताईच्या खाली भुईमुगाची टरफलं साचली. एका उंदरानं तर संसारच मांडला होता. शेवटी इंद्रभानजी एक दिवस म्हणाले, “दसऱ्यानंतरच्या बुधवारी वाशीमचा भंगारवाला येऊन राह्यला. देऊन टाकतो.”

त्यांची मुलगी निकिता तिथेच उभी होती. याच गाडीवर ती गाडी चालवायला शिकली होती.

“बाबा, त्याच्या आधीच्या रविवारी गावात गाड्यायची शर्यत हाय. तेवढी चालवू द्या मले.”

“ह्या डबड्यानं?”

“पहिल्या तिघांत आली तर ठेवसान का गाडी?”

इंद्रभानजी हसले. “ठेवतो. पण तिघांत. चौथी आली तं माह्याशी बोलू नको.”

त्या शर्यतीत गाड्या एकमेकींच्या मागे धावत नाहीत. सोयाबीन निघून मोकळ्या झालेल्या शेतात टायर मांडून वळणांची वाट करतात. एकेक गाडी सोडतात आणि घड्याळ लावतात. प्रत्येकाला दोन फेऱ्या मिळतात, त्यातली चांगली धरतात. वळणापाशी वेग कमी करायचा, खालचा गिअर टाकायचा आणि त्याच क्षणी मला थोडं दाबायचं, म्हणजे गाडीला हिसका बसत नाही. पण ब्रेकही दाबायचा आणि मलाही, तेही एकाच पायानं! मी तर ब्रेकताईपासून लांब होतो, शिवाय खोल. निकिताचा पाय पोचेना.

गावात गॅरेज चालवणाऱ्या गुलाबसिंग मिस्त्रींनी पूर्वी शर्यतीच्या गाड्यांच्या गॅरेजात काम केलं होतं. त्यांनी निकिताला गाडीत बसवलं, पाय ठेवायला लावला आणि खडूने खूण केली. मग अ‍ॅल्युमिनियमची एक पट्टी कापली, घासून तिच्या कडा मऊ केल्या आणि दोन नटांनी माझ्यावर बसवली. नटांची भोकं त्यांनी लांबट ठेवली होती, पट्टी डावीउजवीकडे सरकावी म्हणून. मी ब्रेकताईच्या अगदी शेजारी आलो. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा!

“मजुरी काय झाली, काका?” निकिताने विचारलं.

“मजुरी नको. माह्या मायले पोहरादेवीले दर्शनाले नेऊन आण. बसमध्ये तिची कंबर दुखते. धक्का न लागता नेजो. अन् आणखी एक. ही पट्टी मैदानापुरतीच हाय. रस्त्यावर निघायच्या आधी काढजो. दे वचन.”

“दिलं.”

मिस्त्रींची आई, रामीबाई, गॅरेजात बाजेवर बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “पाहू बरं, पोरगी ध्यान ठेवते का!”

ते नवरात्राचे दिवस होते. निकिता दर वर्षी नऊ दिवस अनवाणी राहते. रोज सकाळी दिवा लावायची, मग गॅरेजामागच्या मोकळ्या जागेत सराव करायची. तिचा उघडा पंजा ब्रेकताईवर पडला की पायाची कड माझ्यावर लागलीच म्हणून समजा. एकही हिसका नाही! दसऱ्याला तिने गाडीला झेंडूचा हार घातला. सगळे जण वर हात जोडतात, ही मात्र खाली वाकली आणि तिने आम्हा तिघांना कुंकू लावलं. माझ्या उभ्या आयुष्यात मला कोणी कुंकू लावलं नव्हतं.

मग रविवार उजाडला आणि ट्रॅक्टरनं आम्हाला ओढत मैदानावर नेलं. शर्यतीचा नियम होता, डोक्यावर हेल्मेट आणि पायात बूट हवेतच. निकिताने नवे कोरे बूट घातले. पहिलं वळण आलं. तिने ब्रेकताईवर पंजा ठेवला आणि त्याच बुटाची कड पूर्ण भारानं माझ्यावरही पडली. ताई गाडी धरते आहे आणि मी ओढतो आहे! इंजिन ओरडलं. घाबरून निकिताने पाय उचलला. मी नेमाप्रमाणे मागे आलो आणि गाडी टायर पाडत कुटाराच्या, म्हणजे गुरांच्या भुश्याच्या, ढिगात जाऊन बसली. कुणाला खरचटलंही नाही.

माइकवर जगदेव होता. “निकिताबाई, शर्यत इकडं हाय! ढोरायचं कुटार काहून तुडवून राह्यल्या?”

सगळं मैदान हसलं. इंद्रभानजी मात्र हसले नाहीत.

मिस्त्री धावत आले आणि खाली वाकले. “नट तं पक्के हायेत. मंग झालं काय?”

मागून रामीबाई काठी टेकत आल्या. “गुलाब, माप घेतलं तवा पोरीच्या पायात काय होतं?”

“काय होतं म्हंजे? नवरात्र होतं तिचं. काहीच नव्हतं.”

“अन् आता?”

सगळ्यांनी निकिताच्या पायांकडे पाहिलं. जाड तळ, चहूबाजूंनी फुगलेल्या कडा.

“माप पायाचं घेतलं,” रामीबाई म्हणाल्या, “अन् घातले हे निखाऱ्यावरचे जाड रोडगे!”

मिस्त्रींनी कपाळावर हात मारला. “तीस वर्षं झाले मले पाना धरून, अन् हे मायच्या डोक्यात आलं!” त्यांनी नट सैल केले, पट्टी ब्रेकताईपासून अर्धं बोट लांब सरकवली आणि पुन्हा आवळली. इंजिन बंद ठेवून निकिताला ते बूट घालूनच वीस वेळा ब्रेक दाबायला लावला. वीसही वेळा मी जागचा हललो नाही. मगच त्यांनी गाडी सोडली.

दुसऱ्या फेरीत वळण आलं. पंजा ताईवर राहिला, कड हळूच माझ्यावर लोटली. गिअर असा पडला, जसा लोण्यात सुरी जावी. पुढचं वळणही तसंच, त्याच्या पुढचंही. आम्ही पहिले आलो नाही, दुसरेही नाही. तिसरे आलो!

इंद्रभानजींनी दोन बोटांनी डोळे पुसले. “तिसरी म्हंजे तिघांतच ना,” ते म्हणाले. “त्या भंगारवाल्याले फोन करा कोणी. बुधवारी येऊ नको म्हणा.”

मित्रांनो, तुमच्याही घरी गाडी असेल. आमच्याखाली बाटली घरंगळू देऊ नका, पायपुसणं सरकू देऊ नका. जाणत्या माणसाशिवाय आमच्यावर काही ठोकू नका, आणि माप घ्याल तेव्हा पायात तेच बूट असू द्या, जे चालवताना असतील. अधूनमधून आमच्या अंगावर एक फडकं फिरवा. आम्ही फार मागत नाही.

सोमवारी सकाळी निकिताने देवापाशी दिवा लावला. मग एकटीच मैदानावर रात्रभर उभ्या असलेल्या गाडीपाशी आली. दार उघडून खाली बसली, पान्याने दोन्ही नट काढले, पट्टी धुतल्या रुमालात गुंडाळून डिकीत ठेवली. मी पुन्हा ब्रेकताईपासून दोन बोटं लांब गेलो. वाईट वाटलं का? थोडं वाटलं. पण वचन तिचं होतं, आणि नेम माझाही आहे.

ओल्या फडक्याने तिने आम्हा तिघांना पुसलं. शेजारच्या सीटवर एक उशी ठेवली, रामीबाईंच्या कमरेसाठी. मग अगदी हलकेच तिचा पाय माझ्यावर टेकला आणि हिसका न देता आम्ही मिस्त्रींच्या दाराकडे निघालो.